जो मोजतो तो बदनाम

दर काही महिन्यांनी तोच तक्ता फॅमिली ग्रुपवर फिरत येतो. एका बाजूला देशांची नावं, दुसऱ्या बाजूला एक लाख लोकांमागे बलात्काराचे गुन्हे. स्वीडन ६३, भारत १.८. खाली जोडलेले हात आणि एक वाक्य: ज्यांच्या घरात हे चालतं त्यांनी आम्हाला संस्कृती शिकवू नये. पंचाईत अशी की आकडे खोटे नाहीत. २०१० सालच्या दोन्ही देशांच्या पोलिसी नोंदी संयुक्त राष्ट्रांकडे गेल्या, तिथून ते आले आहेत. भारतात त्या वर्षी बलात्काराचे २२,१७२ गुन्हे दाखल झाले होते. लोकसंख्येने भागून बघा, उत्तर तेवढंच येतं.

दुसऱ्या गटाकडेही दारूगोळा असतोच. २०१८ साली थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनने ५४८ जाणकारांना विचारून एक यादी केली. महिलांसाठी जगातला सर्वांत धोकादायक देश म्हणून तिच्यात भारत पहिला, अफगाणिस्तान दुसरा, सीरिया तिसरा. ही मतं होती, मोजणी नव्हतीच. पण बातम्यांमध्ये ‘सर्वेक्षणातून उघड’ असंच आलं, आणि पहिल्या ग्रुपवर जी माणसं टाळ्या वाजवत होती तीच इथे देशाची बदनामी झाली म्हणून चिडली. दोन्ही ठिकाणी कुणी विचारलं नाही की हा आकडा नेमका कशाचा आहे.

माझं म्हणणं असं की पोलिसांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून देशांची तुलना केली की गुन्हेगारी थोडी आणि नोंदवण्याची पद्धत फार, असं काहीतरी मोजलं जातं. त्यात जो देश प्रामाणिकपणे मोजतो त्याचं नाव खराब होतं आणि जो तक्रारदाराला दारातूनच परत पाठवतो तो शहाणा ठरतो. अशा तुलनेच्या जोरावर ‘तिकडच्यासारख्या कडक शिक्षा आणा’ म्हणणं म्हणजे चुकीच्या आकड्यावर चुकीचा उपाय.

स्वीडनचंच बघू. एक बाई स्टॉकहोमच्या पोलिसांकडे जाते आणि सांगते की नवरा वर्षभर जवळजवळ रोज जबरदस्ती करत होता. स्वीडिश पद्धतीत प्रत्येक वेळ हा वेगळा गुन्हा. तिच्या एका तक्रारीतून सांख्यिकीत तीनशेच्या वर नोंदी पडू शकतात. त्या पडतात तक्रार घेतली त्या दिवशी; पुढे तपासात काय निष्पन्न झालं याची वाट आकडा बघत नाही. व्याख्याही रुंदावत गेली आहे. २००५ साली झोपेत किंवा नशेत असलेल्या, प्रतिकार करू न शकणाऱ्या बाईवरचा अत्याचार बलात्काराच्या कलमात आणला गेला आणि आलेख लगेच वर चढला. १ जुलै २०१८ पासून तर बळाचा वापर सिद्ध करण्याची अटच गेली, संमती होती की नाही एवढाच प्रश्न उरला.

आता हीच बाई पुण्यात आहे असं समजा. तीच हकीकत, तेच वर्ष. आपल्या कायद्यात नवरा-बायकोमधल्या संबंधांना बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेलं आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३७५ व्या कलमात तो अपवाद होता, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमातही आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने बायको अठरा वर्षांखालची असेल तर तो लागू नाही असं ठरवलं, तेवढीच काय ती फट. आपली बाई तीस वर्षांची आहे. तिला आधी पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये समुपदेशनाला बसवलं जाण्याची शक्यता जास्त. तिने नेट लावला तर पूर्वीचं ४९८-अ, आताचं ८५, म्हणजे पतीकडून क्रूरता, हा एक गुन्हा दाखल होईल. बलात्काराच्या रकान्यात शून्य. स्टॉकहोममध्ये तीनशे, पुण्यात शून्य, आणि दोघींवर गुदरलेलं मात्र एकच. तक्त्यातला ६३ आणि १.८ मधला फरक किती प्रमाणात असल्या हिशेबातून आला असेल, याचा अंदाज यावरून करावा.

आपल्या मोजणीची आणखी एक गोम आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढा मोजतो. घरफोडी करताना खून झाला, तर खून मोजला जातो आणि घरफोडी हिशेबातून जाते. अमेरिकेच्या एफबीआयचाही कित्येक दशकं असाच नियम होता. तो मोडून नवी पद्धत त्यांनी २०२१ पासून सक्तीची केली, तेव्हा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिससकट हजारो पोलीस खात्यांची तयारीच झालेली नव्हती, त्यामुळे त्या वर्षीच्या राष्ट्रीय आकड्यांत मोठाली भगदाडं राहिली. म्हणजे अमेरिकेची तुलना अमेरिकेशी करतानाही २०२० आणि २०२१ जपून जोडावे लागतात. मग भारत-अमेरिका तक्ता बनवणाऱ्याने केवढी काळजी घ्यायला हवी? तो घेत नाही, कारण तक्त्याचं काम माहिती देण्याचं नसतंच.

परदेशात जाण्याचीही गरज नाही. आपल्याच देशात केरळ बघा. २०१६ च्या अहवालात भारतीय दंड संहितेखालच्या गुन्ह्यांचं केरळमधलं प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या तिप्पट होतं. मग केरळ ही गुंडांची भूमी समजायची का? खुनांचा रकाना उघडला की चित्र उलटं होतं. २०२२ मध्ये देशात एक लाख लोकांमागे २.१ खून, केरळमध्ये ०.९. खून सरासरीच्या निम्म्याहून कमी आणि एकूण गुन्हे कितीतरी जास्त, याचा अर्थ एवढाच लागतो की तिथला माणूस पोलीस ठाण्यात जातो आणि तिथला पोलीस लिहून घेतो.

दिल्लीचा नमुना याहून सोपा आहे. २०१३ साली तिथे दंड संहितेखाली सुमारे ८० हजार गुन्हे दाखल होते, २०१५ साली ते १ लाख ९१ हजारांवर गेले. दोन वर्षांत राजधानीत चोरांची संख्या दुप्पट झाली असं कुणी मानत असेल तर मानो. मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाचा ललिता कुमारी खटल्यातला निकाल आला होता, नोव्हेंबर २०१३ मध्ये: दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक. शिवाय वाहनचोरी आणि किरकोळ चोऱ्यांसाठी ऑनलाइन एफआयआर सुरू झाला होता. तक्रार करायला ठाणे अंमलदाराचं तोंड बघावं लागेना, तशा तक्रारी वाढल्या.

मुंबईच्या लोकलमध्ये मोबाईल गेलेल्या कुणालाही हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. दादरला गर्दीत खिशातून फोन जातो. तुम्ही लोहमार्ग पोलिसांकडे जाता, तिथे पहिला प्रश्न येतो: चोरीला गेला की पडला? तुम्ही ‘चोरीला’ म्हणता. चोरताना बघितलंत का? नाही. मग ‘गहाळ’ लिहा, सिमकार्डासाठी आणि विम्यासाठी तेवढा दाखला चालतो. शिवाय नेमका कुठे गेला, परळला की माटुंग्याला? हद्द कुणाची? तुम्हाला ऑफिस गाठायचं असतं, दाखला घेऊन तुम्ही निघता, आणि राज्याच्या गुन्हेगारीतून एक चोरी कमी होते. २०१७ च्या सुमारास लोहमार्ग पोलिसांनी ‘गहाळ’ बंद करून मोबाईलचोरीचे गुन्हे सरळ दाखल करायचं ठरवलं. आकडा एका वर्षात कित्येक पटींनी फुगला आणि मथळे आले: लोकलमध्ये चोरांचा सुळसुळाट. गुन्हा लिहून घेतल्याची शाबासकी कुठल्या पेपराने दिली नाही.

पोलिसांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. दर महिन्याला क्राइम मीटिंग होते. तिथे साहेब विचारतात, भाग १ ते ५ चे, म्हणजे दंड संहितेखालचे, गुन्हे गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा किती? वाढले असतील तर का? उघड किती? ज्या निरीक्षकाने सगळ्या फिर्यादी लिहून घेतल्या त्याचा आलेख चढलेला, उघडकीस आल्याची टक्केवारी उतरलेली. ज्याने निम्म्या एनसीवर, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीवर, भागवल्या त्याचं ठाणं सुधारलेलं. मग अधिवेशनात विरोधक एनसीआरबीचं पुस्तक फडकवून महाराष्ट्र गुन्ह्यांत वरच्या नंबरावर असल्याचं सांगतात, गृहमंत्री लोकसंख्येच्या प्रमाणात काढलेला खालचा नंबर वाचून दाखवतात. सरकारं बदलतात तसे दोन्ही बाजू एकमेकांची भाषणं उसनी घेतात. एनसीआरबी स्वतः आपल्या अहवालात बजावते की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य ज्या पानावर आहे ते पान सभागृहात कुणी उघडल्याचं आठवत नाही.

इतकं ऐकल्यावर जाणता वाचक म्हणेल, ठीक आहे, बाकी सोडा, खुनाचं तरी बोला. मृतदेह लपत नाही. हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि म्हणूनच देशादेशांची तुलना करायचीच असेल तर अभ्यासक आधी खुनाकडे वळतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या अभ्यासानुसार २०२१ मध्ये जगभरात ४ लाख ५८ हजार माणसं मारली गेली, लाखामागे ५.८. या फुटपट्टीवर जपान तळाशी, आपण मधल्याच्या खाली, अमेरिका आपल्या दुप्पट-तिप्पट, लॅटिन अमेरिकेतले काही देश कुठल्या कुठे वर. ही उतरंड ढोबळमानाने विश्वास ठेवण्याजोगी आहे.

ढोबळमानाने एवढ्यासाठी म्हटलं, की इथेही रकाने सारखे नाहीत. २०२२ मध्ये भारतात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्याच पुस्तकात काही पानं सोडून वेगळ्या मथळ्याखाली ६,४५० हुंडाबळी आहेत. जाळून, विष देऊन किंवा छळाने आत्महत्येला भाग पाडून गेलेल्या या बायका ‘खून’ या रकान्यात नाहीत. सगळे धरले तर २.१ चं प्रमाण अडीचवर जातं. त्यातला प्रत्येक मृत्यू खूनच असेल असं नाही, पण बाहेरचा माणूस भारताचा खुनांचा आकडा उचलतो तेव्हा त्यात काय नाही हे त्याला ठाऊक नसतं. मग ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ नावाची आपली मोठी कोठी आहे. विहिरीत सापडलेली सून, रुळांवर सापडलेला मजूर. शवविच्छेदन अहवाल येईपर्यंत, आणि पुष्कळदा त्यानंतरही, कागद तिथेच राहतात. लाखामागे म्हणताना ज्या लोकसंख्येने भागायचं ती तरी पक्की आहे का, तर २०११ च्या जनगणनेनंतरच्या या सगळ्या वर्षांसाठी आपण अंदाजानेच भागत आलो आहोत.

इंग्लंडसारख्या काटेकोर देशातही खुनाचा आलेख मजेदार वागतो. तिथे खून घडला त्या वर्षात धरत नाहीत, पोलिसांनी नोंदवला त्या वर्षात धरतात. हॅरॉल्ड शिपमन या डॉक्टरने वर्षानुवर्षं स्वतःच्या रुग्णांना मारलं, पण चौकशी पूर्ण झाल्यावर १७० हून अधिक बळी एकदम २००२-०३ च्या हिशेबात आले. १९८९ साली हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानावर चेंगरून मेलेली ९६ माणसं २०१६ च्या न्यायिक निष्कर्षानंतर २०१६-१७ च्या आकड्यात दाखल झाली. तळटीप न वाचता कुणी आलेख काढला तर त्याला त्या दोन वर्षी इंग्लंडात खुनांची साथ आल्यासारखी दिसेल. फरक इतकाच की तिथे तळटीप असते.

शिक्षेचे आकडे गुन्ह्यांच्या आकड्यांपेक्षाही घसरडे. पुरोगामी मंडळींची, म्हणजे आमच्याच गोतावळ्याची, आवडती तुलना घ्या: नॉर्वेत तुरुंगातून सुटलेल्यांपैकी २० टक्के पुन्हा गुन्हा करतात, अमेरिकेत ६८ टक्के. नॉर्वेचे तुरुंग मला आवडतात, पण ही तुलना टिकत नाही. नॉर्वेचे २० टक्के म्हणजे सुटल्यानंतर दोन वर्षांत पुन्हा दोषी ठरून शिक्षा लागलेले. अमेरिकेचे ६८ टक्के म्हणजे तीन वर्षांत पुन्हा नुसती अटक झालेले. त्याच अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांत पुन्हा दोषी ठरलेले ४५ टक्के आहेत आणि नव्या गुन्ह्यासाठी पुन्हा कैदेची शिक्षा झालेले २२ टक्के. शिवाय नॉर्वे दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना, बेफाम वेगाने जाणाऱ्यांना थोड्या दिवसांसाठी आत टाकतो. अशी माणसं तशीही फार परत येत नाहीत. नॉर्वे चांगला असेलही, नव्हे आहेच असं मला वाटतं, पण दरी त्या भाषणांमधल्याइतकी खोल नाही.

जपानच्या ९९ टक्के दोषसिद्धीचंही असंच. आपल्याकडे भाषणात हा आकडा आला की सभागृह भारावतं. जपानचे सरकारी वकील जिंकण्याची खात्री असल्याशिवाय खटला भरत नाहीत, आणि पोलिसांनी पाठवलेली पुष्कळ प्रकरणं ते न्यायालयात नेतच नाहीत. ज्यांना नेतात त्यांना त्याआधी २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवून चौकशी करता येते आणि कबुलीजबाब हा तिथे खटल्याचा कणा आहे. आपली दोषसिद्धी दंड संहितेच्या गुन्ह्यांत २०२२ मध्ये ५४ टक्के होती, तीही त्या वर्षी निकाल लागलेल्या खटल्यांपुरती. न्यायालयांत पडून असलेले नव्वदेक टक्के खटले त्या हिशेबात नाहीत. हे दोन आकडे एका वाक्यात आणायला काहीच आधार नाही.

आणि कैद्यांची संख्या? २०२२ च्या अखेरीस आपल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, लाखामागे साधारण ४१. नॉर्वेहूनही थोडं कमीच. अमेरिकेत ते पाचशेच्या वर. नुसता हा तक्ता बघितला तर भारत जगातला एक मवाळ, क्षमाशील देश वाटेल. पण त्या पावणेसहा लाखांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन. न्यायालयाने ज्यांना अजून दोषी म्हटलेलं नाही अशी ही माणसं, आणि तुरुंग क्षमतेच्या १३१ टक्के भरलेले. आपल्याकडे शिक्षा कमी होतात आणि तरी माणसं तुरुंगात असतात. जामिनाची रक्कम भरता आली नाही म्हणून आत राहिलेला माणूस कुठल्याच देशाच्या ‘शिक्षा’ या रकान्यात सापडायचा नाही.

इथे विरोधक एक हुकमी पान टाकतात, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही: एल साल्वादोर. २०१५ मध्ये लाखामागे शंभराहून अधिक खून होणारा हा मध्य अमेरिकेतला चिमुकला देश. मार्च २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी आणीबाणी लावली, टोळ्यांमधली म्हणून ८० हजारांहून अधिक माणसं उचलली, आणि २०२४ चा सरकारी आकडा २ च्याही खाली आला. आता यात मोजणीची खोट आहेच. सुरक्षा दलांच्या हातून मेलेले आणि बेवारस खड्ड्यांत सापडलेले मृतदेह सरकार या हिशेबात धरत नाही. शिवाय आणीबाणी लागण्याआधीच, २०२१ पर्यंत, प्रमाण १८ च्या आसपास उतरलं होतं. तरीही सगळी दुरुस्ती करून उरणारी घट खरी आहे. तिथला दुकानदार आता टोळीला हप्ता देत नाही आणि त्याला बुकेले आवडतो, यात नवल नाही. हे मान्य करूनच पुढचं बोलायला हवं. तिथे जे झालं त्याला कडक शिक्षा म्हणता येत नाही. ती खटल्याशिवायची सामूहिक अटक आहे. प्रौढ लोकसंख्येच्या एक टक्क्याहून जास्त माणसं आत आहेत. हेच प्रमाण महाराष्ट्राला लावलं तर सात-आठ लाखांहून अधिक माणसं होतात, म्हणजे आज सबंध देशात आहेत त्याहून जास्त कैदी एका राज्यात. आणि आपला खुनाचा दर आधीच त्यांच्या ‘यशस्वी’ दराच्या आसपास आहे. मग तो नमुना आणून आपण नेमकं काय कमी करणार?

शिक्षेचा धाक बसतो की नाही हे बघायला याहून बरी तुलना आशियातच आहे. सिंगापूर आणि हाँगकाँग: दोन्ही दाट वस्तीची बंदरं, दोन्हीकडे चिनी वंशाची बहुसंख्या, दोन्हीकडे इंग्रजांनी घालून दिलेला कायदा. सिंगापूरने १९९४ आणि १९९५ मध्ये दर वर्षी सत्तरहून अधिक जणांना फासावर दिलं, लोकसंख्येच्या मानाने जगात अव्वल. हाँगकाँगमध्ये शेवटची फाशी १९६६ ची, आणि १९९३ साली ती कायद्यातूनही गेली. अमेरिकी अभ्यासक फ्रँकलिन झिमरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही शहरांतल्या खुनांचे साडेतीन दशकांचे आलेख एकमेकांवर ठेवले. सिंगापूरच्या फाशा भरमसाट वाढल्या, नंतर कमी झाल्या. खुनाच्या रेषांनी त्याची दखल घेतली नाही, दोन्ही जवळजवळ जोडीने खाली येत गेल्या. कॅनडाने १९७६ मध्ये फाशी रद्द केली, तेव्हा खुनाचं प्रमाण लाखामागे ३ होतं. पुढच्या पंचवीस वर्षांत ते २ च्या खाली आलं. फाशी गेल्यामुळे खून कमी झाले असं कुणी म्हणू नये. फाशी गेल्यामुळे ते वाढले नाहीत, इतकं मात्र म्हणता येतं. आणि ही तुलना मला पटते ती एवढ्यासाठी, की तिच्यात वेगवेगळ्या देशांचे आकडे एकमेकांना भिडवलेले नाहीत. प्रत्येकाचा आलेख त्याच्या स्वतःच्या भूतकाळाशी ताडला आहे. मोजण्याची पद्धत तीच राहिली तर पद्धतीतला दोष दोन्ही बाजूंनी सारखा कापला जातो.

आपल्याकडे दर मोठ्या प्रकरणानंतर शिक्षा वाढते. डिसेंबर २०१२ च्या दिल्ली प्रकरणानंतर २०१३ ची दुरुस्ती आली. २०१८ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला फाशी आली. महाराष्ट्राने २०२१ च्या डिसेंबरात शक्ती विधेयक मंजूर केलं, त्यातही फाशी होती; राष्ट्रपतींच्या मंजुरीअभावी तो कायदा झाला नाही. या सगळ्या काळात बलात्काराच्या खटल्यांतली दोषसिद्धी २७ टक्क्यांच्या आसपास रेंगाळत राहिली. निकाल लागलेल्या चार खटल्यांत एक शिक्षा. उरलेल्या तिघांना कायद्यातली सर्वोच्च शिक्षा काय होती याने काही फरक पडला नसता.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला काय झालं ते आठवा. शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. पालक पोलीस ठाण्यात गेले आणि गुन्हा दाखल व्हायला त्यांना बारा तास लागल्याचं पुढे आलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, दिवसभर लोकल बंद राहिल्या, हातातल्या फलकांवर एकच मागणी: फाशी द्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन दिरंगाईबद्दल पोलिसांना सुनावलं. महिन्याभराने आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला आणि पेढे वाटले गेले. संताप समजण्यासारखा होता. पण त्या पालकांची पहिली तक्रार शिक्षेबद्दल नव्हती, कुणी लिहून घेत नाही ही होती. रुळांवरच्या गर्दीत ‘बारा तास का?’ असा फलक मला तरी कुठल्या फोटोत दिसला नाही.

तर मग तुलना करायचीच नाही का? करायची, पण पोलिसांच्या वहीबाहेर जाऊन. अमेरिकेत १९७३ पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ पासून सरकार घरोघरी माणसं पाठवून विचारतं: गेल्या सहा-बारा महिन्यांत तुमच्या बाबतीत काय घडलं? पोलिसांना सांगितलंत का? नसेल तर का नाही? अमेरिकेत हे सुमारे दीड लाख घरांत होतं आणि निम्म्याहून जास्त हिंसक गुन्हे पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत हे त्यातूनच कळतं. इंग्लंडमध्ये या सर्वेक्षणावर इतका भर आहे की २०१४ च्या जानेवारीत तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसी नोंदींचा अधिकृत राष्ट्रीय आकडेवारीचा दर्जाच काढून घेतला. त्यांना त्या भरवशाच्या वाटेनात.

आपल्याला हे अगदी नवखं नाही. नव्वदच्या दशकात जगभरातल्या शहरांत गुन्ह्याला बळी पडलेल्यांची जी आंतरराष्ट्रीय पाहणी झाली तिच्यात मुंबई होती. २०१५ मध्ये कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्हने दिल्ली आणि मुंबईत असं सर्वेक्षण केलं, २०१७ मध्ये आयडीएफसी इन्स्टिट्यूटने चार महानगरांत. चोरी झालेल्यांपैकी एफआयआरपर्यंत पोचलेले दहात एकही भरत नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितली होती. कुणाचीही, म्हणजे माहेरची, शेजाऱ्यांची, सगळ्यांची धरून. पोलिसांकडे जाणाऱ्या त्यातल्याही मूठभर. तो १.८ चा आकडा या चाळणीतून गळून खाली आलेला आहे.

हे सगळे तुटक प्रयत्न आहेत, कुणी एकदा केलेले, पैसे संपले की थांबलेले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय लोकांच्या नोकऱ्या मोजतं, त्यांनी खाण्यावर काय खर्च केला ते मोजतं. त्याच प्रश्नावलीच्या धर्तीवर चोरी, मारहाण, छळ विचारायला काही नवं शास्त्र लागत नाही. केंद्र करत नसेल तर राज्याने करावं. महाराष्ट्राचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दर वर्षी अर्थसंकल्पाआधी राज्याची आर्थिक पाहणी छापतं. तिच्यात कायदा-सुव्यवस्थेचं पान आहे आणि त्यावर पोलिसांनी दिलेला तक्ता आहे. त्या तक्त्याला एक रकाना जोडावा: लोकांनी सांगितलेले गुन्हे. जिल्हावार, दर वर्षी, तेच प्रश्न, तीच पद्धत. पहिल्या वर्षी तो रकाना पोलिसांच्या रकान्याच्या पाच-दहा पट निघेल आणि मथळे भयंकर येतील, त्यामुळे कुठलाही गृहमंत्री हे आपणहून करणार नाही. म्हणून विरोधी पक्षाने हे मागायला हवं, आणि मागतानाच लेखी द्यायला हवं की पहिली तीन वर्षं या रकान्यावरून आम्ही राजीनामा मागणार नाही. दोन्ही रकान्यांमधलं अंतर कुठल्या जिल्ह्यात किती घटलं यावरून तिथल्या पोलीस अधीक्षकांचं मोजमाप व्हावं. मग क्राइम मीटिंगमध्ये साहेब वेगळा प्रश्न विचारतील, आणि दादरला ‘पडला की चोरीला गेला’ हे विचारण्यात कुणाचा फायदा राहणार नाही.